राजवाड्याच्या पडद्यावरचा मोर

आमच्या इतिहासाच्या मॅडमच्या नखांत कायम रंग असायचा. तपासलेल्या पेपरवर मार्कांशेजारी हिरवा नाहीतर तांबडा अंगठा उमटलेला असे. आम्ही त्यालाच शेरा समजायचो. कराडला सकाळी तास घ्यायच्या, दुपारी चित्रं काढायच्या, संध्याकाळी तालमीला पेटी वाजवायला बसायच्या. नाटकंही स्वतःच लिहायच्या. आम्ही त्यांना पडदेवाल्या मॅडम म्हणायचो, कारण त्यांची पीएच.डी. यात्रेतल्या नाटकांच्या रंगवलेल्या पडद्यांवर चालली होती.

त्यांच्या मार्गदर्शक सरांना हा पसारा बघवत नसे. "एक काहीतरी धरा," ते म्हणायचे.

"एकच धरलंय सर. त्याला फांद्या फुटतात, त्याला मी काय करू?"

प्रबंधाचा सगळा भार आष्ट्याजवळच्या एका गावातल्या, राजवाडा रंगवलेल्या पडद्यावर होता. सगळ्यांत जुना तोच. देवळातल्या ट्रंकेत तो असायचा, आणि यात्रेशिवाय त्याची घडी मोडायची नाही असा गावाचा रिवाज. गुपचूप फोटो काढून येऊ, असं मी सुचवलं. "पाहुणीनं घरचा रिवाज मोडू नये," म्हणाल्या आणि यात्रेची वाट बघत बसल्या. त्याच पावसाळ्यात कृष्णेचं पाणी देवळात शिरलं. ट्रंक उघडली तर आत नुसता रंगीत चिखल. मॅडमचा प्रबंध बुडाला, असंच आम्ही धरून चाललो. कितीतरी दिवस त्यांनी पेटीला हात लावला नाही.

गाव ओशाळलं. "आमच्या रिवाजापायी तुमचं काम अडलं, मॅडम," सरपंचबाई म्हणाल्या.

"मग आता आठवून सांगा," मॅडम म्हणाल्या.

यात्रा जवळ आली तसं देवळाच्या मंडपात नवं कापड ताणलं गेलं. गाव सांगायचं, मॅडम रंगवायच्या. कुणाला काही आठवेना झालं की पेटी पुढं ओढून जुनं पद वाजवायच्या, आणि म्हाताऱ्यांना खांब, झुंबरं, कारंजी भराभर आठवायची. इतकी मजा मला कुठल्याच तासाला आली नव्हती.

तरुणपणी नाटकात राणी झालेले तात्या म्हणाले, "माझ्या डाव्या हाताला मोर हुता."

राजा झालेले आण्णा उसळले. "मोर कसला रं? पोपट हुता! मी काय डोळं झाकून राजा झालतो व्हय?"

"तुजं सगळं ध्यान मुकुट सावरन्यात!"

दोघं काही केल्या ऐकेनात. शेवटी मॅडमनी मोरही काढला आणि पोपटही.

यात्रेला सर आले. पडदा बघून म्हणाले, "सुंदर आहे. पण हा पुरावा होत नाही."

"पडदा नाहीच होत, सर. पुरावा तिकडं भांडतोय."

तात्या-आण्णांची जुंपलेलीच होती. सर खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले, ते तिसरी घंटा झाली तरी उठेनात. गाव आपलं नाटक कसं आठवतं, हाच मग प्रबंधाचा विषय झाला. मॅडम डॉक्टर झाल्या आणि पेढे गावानं वाटले.

आता मीही शिकवते, आणि सुट्टीत नाटकांत कामं करते. घरचे "एक काहीतरी धर" म्हणाले की मला मॅडम आठवतात आणि हसू येतं.

गेल्या हिवाळ्यात तात्या गेले. यंदाच्या यात्रेत पडदा उलगडला, तेव्हा आण्णा बराच वेळ त्याच्यापुढं उभे होते. मग त्यांनी मॅडमना हाक मारली. "मॅडम, तेवढा पोपट पुसून टाका. मोरच हुता हितं."

मॅडमचे डोळे भरून आले. "राहू द्या, आण्णा," त्या म्हणाल्या. "तात्यांच्या मोराशी भांडायला कुणीतरी नको का?"