अंड्यांवरचा पाणलावा

सखूबाई माझ्या बंदुकीच्या नळीपुढे येऊन उभी राहिली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात, हातात भाताच्या रोपांची पेंडी.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. चांदा जिल्ह्यात, सिंदेवाहीच्या बाजूला, मी एका संग्रहालयासाठी पक्षी गोळा करत होतो. पक्षी मारायचा, कातडं सोलायचं, कापूस भरायचा, पायाला लेबल बांधायचं. नोकरी नवी होती. साहेबांना रंगीत पाणलाव्याची जोडी हवी होती आणि जीप दुपारी निघणार होती.

हा लांब चोचीचा, तलावाकाठच्या चिखलात दबकत फिरणारा पक्षी. एकाची मान विटकरी, डोळ्याभोवती पांढरी कड. दुसरा मळकट, ठिपक्यांचा. रंगीत तो नर, साधी ती मादी, हे मोरावरून मी धरून चाललो होतो. रंगीत पक्षी सकाळीच मिळाला होता. मळकट सखूबाईच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चार अंडी उबवत होता. त्याच्यासाठी तिने तेवढा कोपरा रोवणीतून सोडला होता.

"त्याले मारू नका भाऊ. बाप आहे थो. मादी अंडी देते अन् दुसऱ्या नराकडे जाते. अंड्यांवर थोच बसते."

मला हसू आलं. तिला धान कळतं, पक्षी मला कळतात, असा माझा ताठा. मी तिला बाजूला व्हायला लावलं. मी नेम धरला तरी तो अंड्यांवरून उठला नाही.

पोट उघडून पाहिल्याशिवाय नर की मादी लिहायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. घाईत मी लेबलं आधी लिहिली, मग सुरी चालवली. रंगीत पक्ष्याच्या पोटात तयार होत आलेलं अंडं निघालं. मळकट नर होता.

साहेब म्हणाले, "लेबलं बदला. त्यात काय एवढं?"

मी बदलली. पंधरवड्याने मुद्दाम सखूबाईकडे गेलो. तिने अंडी नेऊन खुडूक कोंबडीखाली ठेवली होती. एकातूनही पिल्लू निघालं नाही.

"मी त सांगतलं होतं," एवढंच म्हणून ती निंदणाला वाकली. मला फार शरम वाटली.

तेव्हापासून मी लेबल शेवटी लिहितो, आणि बंदूक उचलण्याआधी गावात विचारतो. तो नर अजून संग्रहालयाच्या कप्प्यात आहे. लेबलावर मारणाऱ्याच्या नावाचा रकाना असतो, तिथे माझं नाव आहे. सांगणाऱ्याच्या नावाला रकाना नाही.