कललेल्या मानेची सुरई

सुमनबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नगरच्या संग्रहालयात एका पितळी दिव्यासाठी पेटी बेतत होते. फोन त्यांच्या धाकट्या भावाचा, अण्णांचा होता. "आक्का गेली गं पहाटं. झोपंतच गेली," ते म्हणाले, आणि पुढे, "सुटली बिचारी. डोकं ठिकाणावर न्हवतं तिचं शेवटी शेवटी..." मी रडले असते, पण त्या वाक्याने रडू आटलं आणि संताप आला. आपल्यामागे हेच बोललं जाणार, हे बाईंना ठाऊक होतं. दिवाळीत आमच्या गावी, पुणतांब्याला गेले तेव्हा माझा हात धरून त्या म्हणाल्या होत्या, "लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. पण म्हातारीला भ्रम झाला होता, एवढं मात्र म्हणू देऊ नकोस."

बाई आम्हाला शाळेत इतिहास शिकवायच्या. माझे आईवडील कांद्याच्या शेतात रोजाने जायचे. आमच्या घरात दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं. मी कॉलेजात गेले ती बाई आमच्या ओट्यावर येऊन ठाण मांडून बसल्या म्हणून. "पोरगी शिकंल, पर पुढं लगीन कोन करंल?" असं आजीने विचारलं, तर बाई म्हणाल्या, "मी नाही केलं. माझं काय अडलं?" सुट्टीत मी त्यांच्या घरी जायचे, आणि तिथेच मी ती चिनी सुरई पहिल्यांदा पाहिली.

बाईंचे वडील जहाजावर डॉक्टर होते. चीनमधल्या कुठल्याशा बंदरातून त्यांनी ती पांढऱ्यावर निळी वेलबुट्टी असलेली सुरई आणली, पेटीसकट. पेटी बाहेरून निळ्या कापडाची, आतून पिवळ्या रेशमाची. रेशमाखाली कापूस असा भरलेला की सुरईच्या अंगाचा नेमका साचा तयार व्हावा. झाकणाला दोरीऐवजी हाडाच्या दोन बारीक खुंट्या, त्या कापडी फासांत सरकवायच्या. "ते लोक अशी वस्तू फडताळात मांडून ठेवत नसत," बाई सांगायच्या. "जाणता पाहुणा आला की पेटी उघडायची, वस्तू त्याच्या हातात द्यायची, बघून झाली की पुन्हा निजवायची. एका वस्तूची एकच पेटी." त्या सुरईची मान भट्टीतच डावीकडे किंचित कलली होती. पेटी करणाऱ्याने साचाही तसाच कलता ठेवला होता. पुढे उंदरांनी एक कोपरा कुरतडला, तो दुरुस्त करता करता बाईंना सगळी रचना कळली. मग जुन्या साड्यांचं रेशीम घेऊन आम्ही दोघी तशा पेट्या करायला शिकलो. माझी आजची नोकरी त्या कोपऱ्यातून निघाली आहे.

मी नगरला आल्यावर बाईंकडे एक गृहस्थ येऊ लागले. जुन्या वस्तूंचा मोठा संग्रह, गळ्यात सोन्याची साखळी, सभेत पहिल्या रांगेत खुर्ची. त्यांचं नाव लिहीत नाही; सगळे त्यांना साहेब म्हणतात. त्यांना स्वतःची ओळख पटली की पुरे. प्रदर्शनात मांडतो म्हणून त्यांनी सुरई मागितली. बाई पेटी देऊ लागल्या तर म्हणाले, "हा कुबट डबा कशाला, ताई? मी गादीत गुंडाळून नेतो." महिन्याभराने सुरई परत आली. बाईंनी ती पेटीत ठेवली आणि मान कापसावर चढली. झाकण लागेना. परत आली होती ती नक्कल, आणि ती करणाऱ्याने मूळ सुरईचा दोष सुधारून मान सरळ केली होती.

बाईंनी आरडाओरडा केला, पण ऐकतं कोण? सुरई कायम पेटीतच असायची, त्यामुळे आम्हा दोघींशिवाय तिची मान कुणाच्या लक्षात नव्हती, आणि मी बाईंचीच विद्यार्थिनी, माझी साक्ष कोण धरणार? "आक्के, कापूस फुगला आसंल. तुला भास हुतोय," अण्णा म्हणाले. साहेब तर हसून म्हणाले, "वय झालं, ताई." त्या दिवसापासून बाईंनी पेटीला खुंट्या लावल्या नाहीत. ती रिकामी पेटी टेबलावर उघडी असायची... आल्यागेल्याला त्या दाखवायच्या, आणि माणसं एकमेकांकडे बघायची.

बाई गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात ते साहेब संग्रहालयात आले. बाहेरच्या कुणा गिऱ्हाइकाला चिनी पद्धतीची पेटी हवी होती, आणि तशी पेटी करणारी इकडे मीच. मी कोण, कुणाकडे शिकले, हे विचारावं असं त्यांना वाटलं नाही. टॉवेलमधून त्यांनी सुरई काढली. मान डावीकडे कललेली.

"जरा वाकडी हाय, पर बसव कशीबशी," ते म्हणाले.

"बसेल," मी म्हटलं. "साचा अंगावर बेतावा लागतो. आठवडाभर ठेवून जा."

रविवारी शाळेत शोकसभा होती. साहेब व्यासपीठावर होते. ते म्हणाले, "शेवटी शेवटी ताईंच्या स्मरणशक्तीनं दगा दिला. त्या काहीबाही बोलायच्या, पण आपण मनावर घेतलं नाही." मी मुद्दाम त्यांना पुरतं बोलू दिलं. मग बाईंची पेटी टेबलावर ठेवली. आधी साहेबांनी परत केलेली, अण्णांच्या घरातली सुरई तिच्यात घातली. मान कापसावर चढली. ती काढून पिशवीतली दुसरी घातली. ती पिवळ्या रेशमात अशी निजली की हात काढताना आवाजही झाला नाही.

"अगं, ही तर माझी..." साहेब बोलले आणि थांबले.

"बोला की, साहेब," मागून कुणी म्हातारी म्हणाली. "का तुमची बी समरनशक्ती गेली?"

अण्णा उठले. त्यांनी झाकण लावलं, दोन्ही खुंट्या फासांत सरकवल्या आणि पेटीवर डोकं टेकलं. "चुकलो गं, आक्के," ते म्हणाले. मान वर केली तेव्हा व्यासपीठावरची खुर्ची रिकामी होती.

माफ करावं, असं मला काही जाणत्या माणसांनी सुचवलं. मला ते जमत नाही, आणि जमावं अशी इच्छाही नाही. माझ्या बाई वेड्या ठरून गेल्या; ती वर्षं कोण परत देणार? पेटी आता बाईंच्या खोलीत त्याच टेबलावर आहे, बंद. कुणी आलं की अण्णा खुंट्या काढतात, सुरई पाहुण्याच्या हातात देतात, आणि "मान बघा, मान" असं आवर्जून सांगतात.

सरळ मानेची नक्कल माझ्याकडे आहे. साहेबांनी ती मागितलेली नाही, पण वस्तू ज्याची त्याला पोचावी. तिला मी पेटी करणार नाही. हे लिहिलेलं वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून आलं की त्याच पानात गुंडाळून पाठवीन. तिची मान सरळ आहे. कुठल्याही कागदात बसेल.