आईचं विरजण

सत्तरच्या दशकातला एडमंटनचा हिवाळा. रात्रभर बर्फ पडला, वीज गेली, घर गरम ठेवणारा फर्नेस बंद पडला, आणि नेमकं त्याच दिवशी नवऱ्याने भांड्यातलं दही साफ केलं. दारापुढे कंबरभर बर्फ, घरात भाजी नाही, म्हणून मी मुगाची खिचडी टाकली होती. हा बोलत बोलत खिचडीवर दही घेत गेला आणि विरजणापुरतंही ठेवलं नाही. भांड्याच्या कडेला चिकटलेलं तेवढं उरलं.

"एवढं काय त्यात? रस्ता मोकळा झाला की ग्रोसरीतून योगर्ट आणू," तो म्हणाला. त्याला तसाच फावडं देऊन दारातला बर्फ उपसायला बाहेर काढावंसं वाटलं.

ते विरजण आईचं होतं. इकडे यायला निघाले तेव्हा तिने रुमाल दह्यात बुडवून वाळवला आणि माझ्या पर्समध्ये घातला. इथे तो कोमट दुधात सोडला, आणि तेव्हापासून कालच्या दह्याने आजचं लावत आले. पुढे आई आजारी पडली, भावाकडे राहायला गेली, आणि तिच्याकडचं विरजण संपलं. वहिनी डेअरीतून दही आणते, ते तिला पटत नाही. मे महिन्यात मी जाणार होते. आईचा निरोप एवढाच होता, "येताना रुमाल आण."

गॅस चालू होता, तेवढं नशीब. दूध कोमट केलं, भांड्याची कड त्यात खरवडली, आणि नवऱ्याच्या जाड कोटात गुंडाळून मांडीवर घेऊन बसले. "खुडूक कोंबडी दिसतेस," तो म्हणाला. दिसत असेन. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून आईचा विचार करत राहिले. दही लागलं का बघायला ती भांडं जरा कलतं करायची, बोट कधी घालायची नाही. मला तिची फार आठवण आली.

रात्री जेवायच्या वेळी भांडं कलतं केलं. दही हललं नाही.

मे महिन्यात मी दह्यात बुडवून वाळवून नेलेला रुमाल आईने स्वतःच्या हाताने दुधात सोडला. दुसऱ्या दिवशी चमचाभर चाखून म्हणाली, "आंबट केलंस गं तिकडे नेऊन." मग भातावर घेत घेत तिने सगळं भांडं संपवलं. विरजणाला ठेवायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. ही माझी आई.

विरजणापुरतं वाटीभर मी आधीच काढून ठेवलं होतं.