तिसऱ्या ट्रम्पेटची रिकामी खुर्ची

मी शाळेत विज्ञान शिकवते. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या मुलांना आजवर हसून गप्प बसवलंय, आणि या सदरातले अनुभवही मी चहाबरोबर टाइमपास म्हणून वाचत आले. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय हे कळल्यावर स्टाफरूममध्ये माझी यथेच्छ टर उडवली जाईल. उडू दे.

मी डोंबिवलीची, क्लॅरिनेट वाजवते. दर रविवारी सकाळी ठाण्याच्या कोळीवाड्यात, समाजाच्या हॉलमध्ये आमच्या बारा जणांच्या बँडची प्रॅक्टिस असते. ऑर्केस्ट्रा म्हटलं की लोकांना हिंदी गाणीच आठवतात. आमचा प्रकार वेगळा... स्विंग. जुन्या काळी मुंबईच्या हॉटेलांत जोडप्यांना नाचवायला वाजवायचे ना, तेच. माइक नाही, नुसती फुंक. सगळे सॅक्सोफोन एकदम उठतात आणि मागून ट्रम्पेट येतात, तेव्हा गुडघा दुखत असला तरी पाय ठेका धरतोच.

हे सगळं उभं केलं दामूकाकांनी. वय सत्तरीपुढे. घरचा पिढीजात ब्रास बँड, हळदीला आणि वरातीत वाजवणारा. त्यांचे वडील पुढे हॉटेलच्या बँडमध्ये तिसरा ट्रम्पेट वाजवायला लागले आणि तिथे त्यांनी स्वतःची एक धून बसवली. प्रत्येक वाद्याचा वेगळा कागद, हाताने लिहिलेला. ते कागद वाचता यावेत म्हणून काका पासष्टाव्या वर्षी नोटेशन शिकले! या माणसापुढे मी मनातल्या मनात रोज हात जोडते.

पण एकदा खाडीचं पाणी घरात शिरलं आणि नेमका तिसऱ्या ट्रम्पेटचा कागद गेला. आम्ही अंदाजाने नवा लिहून दिला, तर काका म्हणाले, "ह्यो बाबाचा नाय." स्वतः गुणगुणायला बसले की चार ओळींनंतर अडायचे. म्हणून रॉनी आणि संदेश, आमचे दोन ट्रम्पेटवाले, यांच्या शेजारी तिसरी खुर्ची रिकामी ठेवून आम्ही ती धून वाजवायचो.

त्यात काकांचे कान गेले. एक पूर्ण, दुसरा निम्मा. तोही काही महिन्यांचाच सोबती, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. काकांना दुसरं काही नको होतं. ती धून पुरी, बाबा वाजवायचे तशी, एकदा ऐकायची होती.

त्या रविवारी साडेअकराच्या सुमारास आम्ही ती वाजवायला घेतली. ट्रम्पेटच्या आवाजाने कानातलं मशीन शिट्टी मारतं, म्हणून काकांनी ते काढून खिशात ठेवलेलं. नुसत्या हाताने ताल देत होते. मी ट्रम्पेटवाल्यांच्या पुढच्याच रांगेत बसते. मधला भाग आला आणि... माझ्या मागून तीन ट्रम्पेट ऐकू आले. तीन! एरवी पोकळ वाटणारी ती जागा काठोकाठ भरली. इतकं सुंदर की भीती वाटायचं राहूनच गेलं. फक्त तो तिसरा मध्येच तुटत होता, नवशिक्या श्वास घेतो तसा. धून संपली. तो सगळ्यांनीच ऐकला होता. संदेश पांढराफटक पडून शेजारच्या खुर्चीकडे बघत होता. खुर्ची रिकामीच होती.

काका रडत होते.

"लिव, बाय, लिव पटकन!" मशीन कानात बसवत ते मला म्हणाले आणि तिसऱ्या ट्रम्पेटचा भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडता गायले. मी लिहीत गेले. गाऊन झाल्यावर त्यांनी कागदावर बोट ठेवलं, "हितं श्वास. हितं पन."

मी दचकले. आवाज तिथेच तुटला होता. "काका, इथे? सूर मोडतो की!"

"मोडू दे. बाबा हळदीत चालत वाजवनारा. डावा पाय टाकला की श्वास. खुर्चीवर बसला तरी सवय गेली नाय. हाटेलचा सायब शिव्या घालायचा त्याला."

हे त्यांनी आम्हाला आधी कधीच सांगितलं नव्हतं.

आमचा ड्रमर प्रत्येक प्रॅक्टिस फोनवर रेकॉर्ड करतो. घरी येऊन मी ते दहा वेळा ऐकलं. त्यात दोनच ट्रम्पेट आहेत. दोन सूर नेमके जुळले की कानाला तिसरा भासतो, हे मला ठाऊक आहे. पण तो भासलेला सूर श्वास घेत नाही. बारा जणांना एकदम भास झाला म्हणावं, तर मशीन काढलेल्या काकांना तो कसा ऐकू आला? विज्ञानाच्या बाईला हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितेय.

तीन आठवड्यांत काकांचा दुसरा कानही गेला. आता त्या कागदावरून वाजवायला आम्हाला कल्याणचा एक ट्रम्पेटवाला मिळालाय, श्वासांसकट वाजवतो. परवा प्रॅक्टिसनंतर मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहून काकांपुढे धरलं : 'आज तिसरा फार छान वाजला. तुम्हाला ऐकू आलं असतं तर...'

काकांनी वाचलं आणि हसले.

"वाईट नको वाटून घेव, बाय. कान बंद झाले ते बाबाला ऐकून. आता दुसरं काय ऐकायचं ऱ्हायलंय?"