निळी गाडी, तांबडी धूळ

इनासबाब डिसोजा यांची आणि माझी ओळख एका काडेपेटीने करून दिली. कुडाळहून पिंगुळीला जाताना रस्त्याला लागून माझं लेथचं दुकान आहे. पंपाचे शाफ्ट, होड्यांच्या इंजिनांचे सुटे भाग, असली कामं तिथे चालतात. एका सकाळी मालवणहून एक सडपातळ गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला टेस्टर. त्यांनी काडेपेटी काढली तेव्हा मला वाटलं, विडी ओढणार. पेटी उघडली तर आत कापसावर एक मोडका आस निजवलेला, दातकोरण्यापेक्षा जरा जाड एवढाच.

“ह्यो करून मेळात?”

“कसलो ह्यो?”

“गाडयेचो आस.”

“गाडयेचो? गाडी मुंगयेची आसा काय?”

ते मुळीच रागावले नाहीत. “मुंगयेची नाय, माजीच. पण पळता बरी,” एवढंच म्हणाले.

मी आस करून दिला आणि ती गाडी बघायला म्हणून त्यांच्याबरोबर मालवणच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, गेलो. हातभर लांबीची गाडी, चार रबरी चाकं, वर कागदासारखं पातळ रंगीत कवच. इनासबाबांच्या हातात तिचा रिमोट होता. त्यांच्या खेळात त्याला रेडिओ म्हणतात. त्यांनी बोट दाबलं आणि ती वस्तू मोटारसायकलच्या वेगाने कातळावरून सुटली, उंचवट्यावरून उडाली, हवेत सरळ झाली, चार चाकांवर उतरली आणि वळून आमच्या पायाशी येऊन थांबली. त्या दिवसापासून मी त्यांच्या गाडीचा सुतार, लोहार आणि हमाल झालो. इनासबाब मला आबा म्हणतात. वयाने मी मोठा, पण या खेळात गुरू तेच. ते साठ वर्षांचे झाले म्हणून हा गौरवग्रंथ निघतो आहे आणि त्यात चार शब्द लिहायचा मान मला मिळाला आहे. शाळा मी लवकर सोडली, तेव्हा भाषेत कुठे खडा लागला तर पदरात घ्यावं.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इनासबाब मूळचे जेटीवरचे कारागीर. मच्छीमार होड्यांचे वायरलेस आणि मासळी शोधण्याची यंत्रं ते दुरुस्त करत. एका पर्यटकाची बिघडलेली गाडी त्यांच्याकडे दुरुस्तीला आली. झाली की नाही हे बघायला त्यांनी ती फिरवली आणि ते फिरवणं अजून थांबलेलं नाही. पुढे ते गोव्यात शर्यती जिंकले, मग पुण्याला, बंगळुरूला. गाड्या बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने त्यांना आपल्या चमूत घेतलं. कंपनी गाड्या देते, टायर देते, मानधन देते आणि खेळाडूने तिच्या रंगात पळायचं असतं. त्या कंपनीचा रंग तांबडा. नाव कशाला हवं? आमच्या मालवणात सगळे ‘तांबडी’ असंच म्हणत. तांबडीचा इनास म्हणून त्यांना मुंबईपासून केरळपर्यंत ओळखत. आपल्या खेळावर ज्याची चूल पेटते असा या किनाऱ्यावरचा दुसरा माणूस मला माहीत नाही.

त्यांच्या कामाची रीत सांगायला हवी. शर्यतीच्या ठिकाणी पोचल्यावर बाकीचे खेळाडू पेट्या उघडतात, इनासबाब चपला काढतात. अनवाणी सगळा ट्रॅक फिरून येतात. माती कुठे भुसभुशीत, कुठे घट्ट, कुठे खडा वर आला आहे, हे तळपाय सांगतात आणि त्यावरून स्प्रिंग कोणती घालायची, टायर कोणता, हे ठरतं. एकदा पुण्यातल्या एका खेळाडूने विचारलं, “काका, नवस बोललात का?” इनासबाब म्हणाले, “नाही हो, तुमच्या ट्रॅकला नमस्कार करतोय. तो मोठा आहे, मला पाडू शकतो.”

ही विद्या त्यांनी मुठीत धरून ठेवली नाही. नांदगावची तन्वी सावंत त्यांच्याकडे शिकायला येऊ लागली तेव्हा तिच्या वडिलांनी नाक मुरडलं होतं. मुलगी, आमच्याकडे चेडू, खेळण्याच्या गाड्या उडवणार म्हणजे लग्नाच्या बाजारात काय सांगायचं? इनासबाबांनी त्यांना सड्यावर बोलावलं, रेडिओ त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, “तुमी एक फेरी मारून दाखवा, मगे तिका बंद करूया.” वडिलांची गाडी पहिल्याच वळणावर करवंदीच्या जाळीत गेली. तन्वीने ती काढून आणली आणि तीच फेरी पुरी करून दाखवली. पुढे इनासबाबांनीच तिला तांबडीच्या चमूत जागा मिळवून दिली.

माणूस म्हणून ते कसे आहेत ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, असं म्हणावं तर तेव्हा माझ्या डोळ्यांवर पट्टी होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी लेथजवळ फिरकायचं नाही असं बजावलं होतं. बरा होईपर्यंत इनासबाब रोज मालवणहून येऊन माझ्या दुकानात बसले. गिऱ्हाइकांना सांगत, “आबांनी डोळे धुवक दिल्यानी हत. येतले चार दिसांनी. काय अर्जंट आसल्यास माका सांगा.” त्यांच्या पत्नी सेसिलियाबाय पेज आणि भाजलेला बांगडा डब्यात घालून देत. तो डबा माझ्यासाठी असे. ते स्वतः टपरीवर वडापाव खात, हे मला फार उशिरा कळलं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

साठी जवळ आली तशी तांबडीच्या साहेबांनी त्यांना मुंबईला बोलावलं. फार गोड बोलले. म्हणाले, तुम्ही आता सल्लागार व्हा. तुमचा फोटो पोस्टरवर राहील, मानधन राहील, गाडी मात्र तरुणांनी पळवायची. दुसरा कोणी असता तर पेढे वाटले असते. इनासबाब परत आले आणि माझ्या दुकानाच्या बाकावर बसून राहिले.

“आबा, माका भिंतीर लावतत,” ते म्हणाले. “फोटो लावतत तसो.”

“फुलांचो हार घालूचे नाय मां?”

“तोच काय तो रवलो.”

त्याच सुमारास एक छोटी, नवखी कंपनी खेळाडू शोधत होती. तिचा रंग निळा. तिचे व्यवस्थापक कदमसाहेब पुण्याहून आले. माणूस सरळ, पण हिशेबी. त्यांनी साफ सांगितलं, गाडी तुमच्या सल्ल्याने बनवू, चालवायची तुम्हीच, पण करार बांद्याच्या स्पर्धेपुरता. तिथे पहिल्या तिघांत आलात तर पुढे चालू, नाहीतर राम राम. इनासबाबांनी सही केली.

गावात काय काय बोललं गेलं ते मी ऐकलं आहे. साठी बुद्धी नाठी म्हणाले. खाल्ल्या मिठाला जागले नाहीत म्हणाले. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं येणार म्हणाले. तांबडीच्या सगळ्या गाड्या, सगळे सुटे भाग धुऊन पुसून तेल लावून इनासबाबांनी पेट्यांत भरले. मुलगी सासरी पाठवतात तशी ती पाठवणी होती. तांबडी आता तन्वी पळवणार होती. शेवटची पेटी बंद करताना ते तिला म्हणाले, “डावी पुढची स्प्रिंग वायंच नरम ठेव गो. ती हट्टी आसा.” ज्या गाडीविरुद्ध पळायचं, तिचा हट्टसुद्धा सांगून मोकळे झाले.

बांद्याजवळच्या माळावर देशभरातले खेळाडू जमले. आपल्या जिल्ह्यात एवढी मोठी स्पर्धा म्हणून आम्हीही टेम्पो भरून गेलो. सेसिलियाबायनी निघताना खुरसाजवळ, म्हणजे क्रुसाजवळ, मेणबत्ती लावली होती. आमच्याबरोबर तात्या गावकर होते. इनासबाबांच्या प्रत्येक मोसमाचा नारळ तात्याच ठेवतात आणि देवाकडे मागणं मागायचं गाऱ्हाणंही तेच घालतात, बाकीच्यांनी दर ओळीला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. “दोनीकडे सांगान ठेवलेला बरा,” असं इनासबाबांचं म्हणणं. निळ्या गाडीसमोर नारळ ठेवला. इनासबाब टोपी काढून उभे. कदमसाहेब हात जोडून बाजूला. तात्यांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली.

“बा देवा म्हाराजा, आज हो आमचो इनास ह्या माळार उभो आसा.”

“व्हय म्हाराजा.”

“तेच्या बोटांक बळ दी, डोळ्यांक नदर दी.”

“व्हय म्हाराजा.”

“आणि आमची तांबडी गाडी सगळ्यांच्या फुडे काढ रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

म्हटलं आम्ही सगळ्यांनी. घसा फोडून म्हटलं. इतक्या वर्षांची सवय, तोंडाने ऐकलंच नाही. कदमसाहेबांनी डोळे उघडून निळ्या गाडीकडे पाहिलं, मग तात्यांकडे. तात्यांचा चेहरा कोकमाची सोलं पिळल्यासारखा झाला.

“परत घालूया काय?” ते पुटपुटले.

इनासबाब म्हणाले, “नको तात्यानू. घातलेला गाऱ्हाणा परत घेवक नाय. तांबडीत आमचा चेडूच आसा. तिकाय येवंदे यश.”

आणि ते गाऱ्हाणं फळणार अशी चिन्हं दिसू लागली. या खेळात एक पद्धत आहे. आपली फेरी संपली की खेळाडूने मैदानात एका वळणावर उभं राहायचं आणि पुढच्या फेरीत ज्याची गाडी उलटेल ती धावत जाऊन सुलटी करायची. कालच्या वैऱ्याची असली तरी. अंतिम शर्यतीत कोणी कुठून सुटायचं हे ठरवणाऱ्या फेऱ्या चालू होत्या. इनासबाबांची फेरी उत्तम झाली, पहिल्या ओळीत जागा पक्की दिसत होती. मग ते वळणावर उभे राहिले. पुढच्या फेरीत तन्वी होती. ती अशी पळवत होती की बघत राहावं. शेवटच्या वळशाला तिची तांबडी नेमकी इनासबाबांच्या वळणावर उलटली.

खेळाडू ज्यावर उभे राहून गाड्या पळवतात त्या मंचाजवळ मी उभा होतो. दोन श्वास उशीर झाला असता तर कोणाला कळलंही नसतं. साठीचा माणूस, धावायला वेळ लागला, एवढंच लोक म्हणाले असते. इनासबाब वाऱ्यासारखे धावले. एका हाताने गाडी पलटून, तोंड बरोबर दिशेला करून सोडली आणि लगेच बाजूला झाले. तन्वीची वेळ त्यांच्यापेक्षा चांगली लागली. ती पहिल्या ओळीत गेली, हे मागे ढकलले गेले.

कदमसाहेब तणतणत आले. “डिसोजासाहेब, तुम्ही नक्की कोणत्या टीमचे आहात?”

इनासबाब घाम पुसत म्हणाले, “साहेब, उलटी पडलेली गाडी कोणाचीच नसते. आधी ती सुलटी करायची. मग बघायचं कोणाची ते.”

करार मात्र बदलला नव्हता. पहिल्या तिघांत, नाहीतर राम राम.

अंतिम शर्यतीच्या आधी इनासबाबांनी पुन्हा चपला काढल्या आणि ट्रॅक फिरून आले. म्हणाले, “आबा, झिजलेले टायर लावा.” कोरे करकरीत टायर पेटीत असताना हे ऐकून कदमसाहेबांनी कपाळाला हात लावला. सकाळी शिंपलेलं पाणी सुकलं होतं. वरची माती उडून खाली गुळगुळीत कठीण थर उघडा पडला होता. त्यावर नव्या टायरचे दात नाचतात, झिजलेले चिकटून राहतात. तळपायांनी ते आधीच ओळखलं होतं.

शर्यत सुटली. इनासबाब सुरुवातीला मागेच राहिले, उडालेल्या धुळीत निळी गाडी दिसेना. सेसिलियाबाय माझ्याजवळ उभ्या होत्या. “आसा काय हो आबा ती?” त्या विचारत. मी म्हणे, “आसा, आसा,” पण दिसत मलाही नव्हती. मग पुढच्यांच्या गाड्या वळणांवर घसरू लागल्या. एक कुंपणाला लागली, एक उलटली. धुळीतून आमची गाडी एकेक पायरी चढल्यासारखी वर आली. चौथी. तिसरी. तिथे थांबले असते तरी करार हातात होता. इनासबाब थांबले नाहीत. दुसरी झाली. आता पुढे फक्त तन्वीची तांबडी. शेवटच्या वळशात त्याच वळणावर तन्वी केसभर बाहेर गेली. आतल्या बाजूला एक गाडी जाईल एवढीच वाट होती. तिथून इनासबाब निघाले. तिच्या गाडीला चाटूनसुद्धा नाही, आणि निळी पहिली आली.

माळावर जो आवाज उठला तो गोव्यात ऐकू गेला असेल. सेसिलियाबाय पदराने डोळे पुसू लागल्या. कदमसाहेबांनी मला मिठी मारली, नंतर चुकून तात्यांना, नंतर शेजारच्या भजीवाल्यालाही.

तन्वी मंचावरून उतरून आली आणि इनासबाबांच्या पाया पडली. तिचे डोळे भरलेले होते, पण जीभ कोरडी नव्हती. “बाब, माका सगळा शिकवलास. ह्या आतला वळाण तेवढा शिकवलास नाय.”

“ता ठेवलंय फुडच्या वर्साक,” इनासबाब म्हणाले.

फुडच्या वर्साक. हे दोन शब्द ऐकले आणि मला कळलं की आमचा माणूस भिंतीवरून खाली उतरला.

एवढ्यात तात्यांनी गाडी उचलून आणली. ती वर धरून ते सगळ्यांना दाखवू लागले. चाकांपासून कवचापर्यंत माळाची तांबडी माती बसलेली. निळ्याचा एक ठिपका शोधून सापडेना. “बगा,” तात्या म्हणाले, “कोणती गाडी फुडे इली? रंग बगून सांगा. माजा गाऱ्हाणा कधी खोटा जायत?” कदमसाहेबांनीच पहिल्यांदा हात जोडून म्हटलं, “व्हय म्हाराजा.”

तो करार पुढे चालू आहे. निळ्या कंपनीच्या नव्या गाडीचं काम इनासबाबांच्या देखरेखीखाली सुरू आहे आणि तिचे दोन आस माझ्या लेथवर कातून झाले आहेत. या वेळी तेही काडेपेटीतच ठेवून दिले.

मंडळी, शेवट रिवाजाप्रमाणे शुभेच्छांनी करायचा. मला संस्कृत श्लोक येत नाहीत, म्हणून आमच्याकडचंच घालतो. तात्यांना विचारून घेतलं आहे. कंपनीचं नाव नाही, रंगही नाही, म्हणजे चुकायला जागा नाही. वाचणाऱ्यांनी जिथे असाल तिथून साथ द्यावी.

बा देवा म्हाराजा, आमच्या इनासबाबांक शंभर वर्सां निरोगी आयुष्य दी. तेंचे तळपाय मातयेक ओळखत रवांदेत. सेसिलियाबायच्या डब्यातलो बांगडो तेंच्याय ताटात पडांदे. आणि आमच्यापैकी कोण खंयच्या वळणार उलटो पडलो, तर थंय हो माणूस उभो आसांदे रे म्हाराजा.

व्हय म्हाराजा.