बलग्योवालीची जीभ

बंद डबा दिसला की बलग्योवालीच्या हाताला खाज सुटायची. माहेर कोरियातल्या बलग्यो गावचं, म्हणून सासरच्या गावात पन्नास वर्षं तिला हेच नाव; सुन-इम हे खरं नाव मतदार यादीत आणि दवाखान्याच्या कागदावर तेवढं उरलेलं. नवऱ्याचा रेडिओ तिने तीनदा उघडला होता आणि दोनदाच नीट लावला होता. सत्तराव्या वर्षी गावच्या चावडीवर अक्षरं शिकली, तेव्हापासून तर विचारूच नका. खताची गोणी असो, बसचं वेळापत्रक असो, बाई भिंग घेऊन वाचत उभी.

सगळ्यात जास्त मजकूर मिळायचा तो गोळ्यांच्या बाटल्यांवर, आणि त्यांना घरात तोटा नव्हता. दोन हिवाळ्यांपूर्वी ती बर्फावर घसरली, तेव्हा थोरल्या थे-सोकने सुवोन शहरातून कॅल्शियमच्या गोळ्या पाठवल्या. दिवसाला दोन, असं तो म्हणाला होता; लवकर बरं वाटावं म्हणून ही चार घ्यायची. यंदा नववर्षाच्या सणाला मधल्या थे-ग्योमकडून माशाच्या तेलाचे मोती आले, आणि मुलगी योन-सिलकडून म्हाताऱ्या माणसांसाठीच्या लाल गोळ्या. शिवाय दर महिन्याला सोयाच्या दुधाची पेटी, त्यातही कॅल्शियम घातलेलं. दर रविवारी तिघांचे तीन फोन. "आई, मी दिलेल्या घेतेस ना?"

खोटं बोलणं तिच्या रक्तात नव्हतं, म्हणून ती सगळ्याच घ्यायची. एकाच्या घेऊन दुसऱ्याच्या ठेवल्या तर पोरांत डावं-उजवं केल्यासारखं झालं असतं. मात्र गिळण्याआधी प्रत्येकीची परीक्षा व्हायची. कॅल्शियमची गोळी व्हिनेगरमध्ये टाकली तर फसफसली. माशाचा मोती दाताने फोडला, त्याचा वास दोन दिवस गेला नाही.

न उलगडलेलं कोडं एकच होतं, आणि ते तिच्या तोंडात होतं. वर्षभरापासून काहीही खाल्लं की पितळी चमचा चाटल्यासारखं लागे. भूक मेली होती, घसा सारखा कोरडा पडे. कुणाला बोलली नव्हती. कारण गावात किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायच्या दिवशी मसाला चाखायचा मान तिचा होता. पानात मसाला गुंडाळून ती प्रत्येकीला स्वतःच्या हाताने भरवायची आणि तिने मान डोलावली की मगच बायका कोबीला हात लावायच्या. गेल्या वर्षी तिने नुसत्या हाताच्या सवयीवर वेळ मारून नेली होती. यंदाचा दिवस आता महिन्यावर आला होता.

शेजारची बोसंगवाली तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, पण जिभेला हाड नाही. एक दिवस सूप चाखून म्हणाली, "ताई, समुद्र आटवलात का हो? यंदा मसाला मी चाखू का? तुम्ही आपल्या बसून हुकूम सोडा."

"माझी जीभ अजून माझ्याच तोंडात आहे," बलग्योवाली म्हणाली खरी, पण दार लावून घेतल्यावर तिला रडू आलं.

मग तिने डोळे पुसले आणि भिंग काढलं. एवढं वर्ष आपण एकेक बाटली वाचली, शेजारी शेजारी ठेवून कधी वाचली नाही, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. चारही वस्तू तिने ओळीने मांडल्या, दुधाच्या खोक्यासकट. ड जीवनसत्त्व इथेही होतं, तिथेही होतं, चारही ठिकाणी होतं. कॅल्शियम तिघांत. चेहरे निराळे आणि आडनाव एकच! दुसऱ्या दिवशी सगळं गाठोडं घेऊन ती गावच्या आरोग्य केंद्रात गेली.

"नर्सबाई, ही सगळी एकमेकांची भावंडं आहेत का हो?"

नर्सबाईंनी आकडे मांडले आणि कपाळाला हात लावला. "आजी, तुम्ही एकट्या चार बायकांचं खाताय!"

"पौष्टिक आहे ना पण?"

"पौष्टिक वाळूसुद्धा असेल हो, म्हणून घमेलंभर खायची का?"

तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. कॅल्शियम चढलं होतं. तोंडातलं पितळ, तहान, मेलेली भूक, सगळं त्याचंच असावं असं ते म्हणाले आणि सगळं बंद करायला लावलं. अति तिथे माती, दुसरं काय! रविवारी फोन आले. "गोळ्या आहेत ना, आई?" "आहेत की, भरपूर आहेत," ती म्हणाली, आणि हे अक्षरशः खरं होतं.

रोज सकाळी ती जिभेवर मिठाचा एक खडा ठेवून वाट बघायची. पितळ, पितळ, पितळ. अठराव्या दिवशी तो खडा खारट लागला, आणि मागून किंचित गोडही. ती अंगणात उभी राहून एकटीच हसली.

किमचीच्या दिवशी तिन्ही मुलं आली. अंगणात कोबीचे ढीग लागले. कामकऱ्यांच्या जेवणात जुनी किमची हवी म्हणून तिने गेल्या वर्षीचा डबा उघडला आणि एक पान तोंडात टाकलं. क्षणात थुंकलं. शत्रूलाही वाढू नये असं मीठ!

गावाचं आटोपल्यावर घरापुरता मसाला तिने एकटीने कालवला होता, त्याच किमचीचे तीन डबे तिन्ही मुलांच्या घरी गेले होते. वर्षभर फोनवर एकच ऐकू येत होतं, "आई, किमची झकास झालीय."

तिने योन-सिलला स्वयंपाकघरात ओढलं. "ही खाल्लीत तुम्ही?"

योन-सिल म्हणाली, "धुऊन धुऊन खाल्ली."

"फेकली का नाही?"

"तुझी किमची कोण फेकेल, आई? मोठ्या दादाला वाटलं, आई थकली, जीभ गेली. आम्ही तिघं बोललो. तुला वाईट वाटेल म्हणून कुणी काही म्हणालं नाही. मग आम्ही दोघांनीही... गोळ्या पाठवल्या."

बलग्योवाली पाटावर बसली. पोरांनी तिची किमची गिळली होती आणि तिने पोरांच्या गोळ्या. तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

बाहेर बायका खोळंबल्या होत्या. तिने मसाला कालवला, पानात गुंडाळला आणि सगळ्यांसमोर थे-सोकच्या तोंडात कोंबला. "खरं बोलायचं. झकास म्हणालास तर जेवण मिळणार नाही."

थे-सोकने बराच वेळ चावलं. आधी बहिणीकडे पाहिलं, मग आईकडे.

"अळणी आहे, आई."

तिने स्वतः चाखलं. खरंच अळणी होतं; घाबरून तिचा हात आखडला होता. तिने थे-सोकच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मिठाचं भांडं स्वतःकडे ओढलं.