हिंगाच्या डबीतले रेझिस्टर

डबीमामा रेझिस्टर ओठांत धरायचे. दोन्ही हात सोल्डरिंगमध्ये गुंतले की जादाचा रेझिस्टर लवंगेसारखा तोंडात, आणि काम संपलं की थुंकीसकट माझ्या तळहातावर. "धर पोरी, उरला ह्यो." शी! आज लिहितानाही हात ओढणीला पुसावासा वाटतो.

चिखलीत त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान होतं. आजूबाजूच्या गिरण्या, पंप, मिक्सर यांची सर्किटं ते दुरुस्त करायचे. मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला. सुट्टीत घरी छोटी छोटी सर्किटं जोडायचा मला नाद, म्हणून सुटे पार्ट घ्यायला त्यांच्याकडे जायचे.

नाव डबीमामा का, ते आत पाऊल टाकताच कळायचं. वन के, म्हणजे हजार ओहमचे रेझिस्टर हिंगाच्या डबीत, टेन के लवंगांच्या, डायोड तपकिरीच्या, आणि कपॅसिटर चक्क लोणच्याच्या बरणीत. एकही भांडं धुतलेलं नाही. बरणीच्या तळाशी खार सुकून काळा पडलेला. मामा झाकण काढून आधी नाक खुपसायचे, मग बोटं. एकदा त्यांच्याकडचे डायोड घरी आणले आणि मी इतकी शिंकले की सासूबाईंनी काढा उकळला.

"मामा, निदान चिठ्ठ्या तरी लावा," मी दर खेपेला म्हणायचे.

"चिठ्ठी कशाला? मला नाक हाय की!"

रेझिस्टर किती ओहमचा ते सांगणारे रंगीत पट्टे त्याच्यावर असतात, पण मामा ते कधी बघायचेच नाहीत. मला तो आळशीपणा वाटे. कंपनीत एक स्क्रू चुकीच्या ट्रेमध्ये पडला तरी आमच्याकडे खुलासा मागतात, आणि इथे हा उकिरडा!

त्यांचा मुलगा दत्ता मात्र खोलीवर डोळा ठेवून होता. "बाबांना दिसतंय तोवर दुकान. मग खोली भाड्याने," तो माझ्यासमोरच म्हणाला होता. मामा हसून म्हणाले, "मला घारीवानी दिसतंय." तो गेल्यावर मात्र हळूच म्हणाले, "ही खोली गेली तर मी दिसभर भिंतीकडं बघत बसू व्हय?"

मागच्या वर्षी ते आठवडाभर लेकीकडे गेले आणि किल्ली माझ्याकडे ठेवून गेले. पार्ट लागले तर घे, एवढंच सांगून. मी मात्र रजा काढली. नाकाला रुमाल बांधून सगळ्या डब्या परातीत उलट्या केल्या. पार्ट स्पिरिटने पुसले, पट्टे वाचून वेगळे केले, पारदर्शक खणांच्या कपाटात लावले. प्रत्येक खणावर छापील चिठ्ठी. डब्या आणि ती बरणी घंटागाडीत टाकली, तेव्हा तर मला अंगावरचा मळ गेल्यासारखं वाटलं.

मामा परतले त्या सकाळी गिरणीवाले बिघडलेलं सर्किट घेऊन दारात उभे होते, बाजूला दत्ता. मामांनी सवयीने हात लांब केला. डबी नव्हती. एक खण ओढला, नाकाशी नेला. दुसरा नेला. तिसरा. सगळ्यांना स्पिरिटचा एकच वास.

"बाबा, समोर लिहिलंय की," दत्ता म्हणाला.

मामा चिठ्ठीकडे बघत राहिले. बघत होते चिठ्ठीच्या जरा डावीकडे.

डोळ्यांचा मागचा पडदा केव्हाचाच खराब झाला होता, हे पुढे कळलं. रंग गेले होते, अक्षरं गेली होती. उरलं होतं नाक आणि बोटं. त्या सगळ्या घाणीत त्यांचं दुकान नीट लावलेलं होतं.

"हे कुणी केलं?" दत्ताने विचारलं.

"म्याच सांगितलं हुतं तिला," मामा म्हणाले. "लई घाण झाली हुती."

महिन्याभरात खोली भाड्याने गेली. मामा आता आतल्या खोलीत असतात. परवा हिंगाची नवी डबी आणली, वन के रेझिस्टर भरले आणि त्यांना नेऊन दिली. त्यांनी झाकण काढलं, वास घेतला, एक रेझिस्टर ओठांत धरला. मग तो माझ्या तळहातावर ठेवला, तसाच ओला.

मी हात पुसला नाही. किळस आली होती, पण ती त्यांची नव्हती.